एक गाडी, सत्तेचाळीस वर्षं

तुमच्या कट्ट्यावर असा एक जण नक्की असेल. क्रूझर घेऊन चार महिने झाले नाहीत, तोवर तुळजापूरच्या घाटात त्याला गाडी कमी पडायला लागते. मागं मित्र बसलेला, गाडी चौथ्या गियरमध्ये, पुढं ऊस भरलेला ट्रॅक्टर, आणि ॲक्सिलरेटर पिळला तरी गाडी विचार करत बसलेली. त्या रात्री हा दोन वाजेपर्यंत मोबाईलवर: बिग बोअर किट, फ्री फ्लो सायलेन्सर, वेगळा कॅम, रिमॅप. सकाळी कॉलेजात एकच विषय. टॉर्क वाढवायचाय.

त्याला, किंवा तो म्हणजे तुम्हीच असाल तर तुम्हाला, आज एका माणसाची ओळख करून देतो. या माणसानं १९२० साली एक मोटारसायकल विकत घेतली आणि १९६७ साली त्याच मोटारसायकलवर जागतिक विक्रम केला. गाडी तेव्हा ४७ वर्षांची होती आणि तो स्वतः ६८ वर्षांचा. शोरूममधून निघाली तेव्हा ती जेमतेम ताशी ८९ किलोमीटर पळायची. विक्रमाचा आकडा ताशी २९५.४५३ किलोमीटर. मधल्या काळात त्यानं इंजिनाचं काय काय केलं, आणि त्या इंजिनानं त्याचं काय केलं, हे किट मागवायच्या आधी वाचून घ्या.

नाव बर्ट मन्रो. पूर्ण नाव हर्बर्ट जेम्स मन्रो. नकाशात न्यूझीलंडच्या अगदी खालच्या टोकाला बोट ठेवलं की इन्व्हरकार्गिल नावाचं गाव सापडतं. तिथं २५ मार्च १८९९ ला त्याचा जन्म झाला. जुळं होतं. बहीण जन्मतःच गेली आणि हा पण दोन वर्षांच्या वर जगणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. बालपण जवळच्या शेतावर गेलं. पुढं काही काळ ओटिरा बोगद्याच्या कामावर मजुरी केली, मग घरच्यांनी परत शेतीवर बोलावून घेतलं. आणि १९२० मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्यानं इंडियन स्काउट घेतली. म्हणजे साधारण तुमच्याच वयात.

इंडियन हे नाव वाचून लगेच छाती फुगवू नका. कंपनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफिल्डची आणि तिच्या चिन्हात पिसांचा टोप घातलेला तिथला मूळ रहिवासी. आपला संबंध शून्य. तरी एक गंमत सांगतो. गड्ड्याच्या यात्रेत तुम्ही मौत का कुआँ बघितला असेल. लाकडी भिंतीवर गाडी आडवी पळवायच्या या खेळात अमेरिका-युरोपातले खेळाडू वर्षानुवर्षं पसंत करत आले ती गाडी म्हणजे हीच स्काउट, थोड्या नंतरच्या मॉडेलची.

स्काउट बनवली होती चार्ल्स फ्रँकलिन नावाच्या आयरिश इंजिनिअरनं. दोन सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरके बसवलेले, क्षमता ६०० सीसी. आजची क्रूझर डोळ्यांसमोर आणली की जो आकार दिसतो त्याच्या आजोबांपैकी ही एक. मन्रोनं पहिली काही वर्षं ती नुसती चालवली. १९२६ पासून मात्र तो इंजिनात हात घालायला लागला आणि तो हात शेवटपर्यंत बाहेर निघाला नाही.

आता थोडं थांबून टॉर्कचं बघू, नाहीतर त्याच्या खटाटोपाचा अर्थ लागणार नाही. पंक्चरवाला घट्ट बसलेला नट खोलताना पान्याला पाइप लावतो ते बघितलंय ना? हात तोच, पण दांडा लांब झाला की फिरवणारा जोर वाढतो. टॉर्क म्हणजे हाच फिरवणारा जोर. इंजिनात हाताच्या जागी पिस्टनवर बसणारा स्फोटाचा धक्का असतो आणि पान्याच्या जागी क्रँक. हा जोर वाढवायला मोजकेच मार्ग आहेत. सिलिंडर मोठा करा म्हणजे जास्त हवा-पेट्रोल मावेल. आहे त्याच सिलिंडरमध्ये हवा जास्त चांगली भरेल अशी व्यवस्था करा. किंवा ते मिश्रण पेटायच्या आधी जास्त दाबा. बाजारात जे काही विकतात ते फिरून फिरून या तिघांपैकीच एक असतं.

आणि टॉर्क म्हणजे स्पीड नव्हे. मीटिऑर ३५० चं उदाहरण घ्या, आपल्याकडं होटगी रोडला दर दहा मिनिटांनी एक दिसते. तिचा सगळ्यात जास्त टॉर्क २७ न्यूटन-मीटर, तो मिळतो ४,००० आरपीएमला. सगळ्यात जास्त ताकद २०.२ हॉर्सपॉवर, ती मिळते ६,१०० ला. म्हणजे गाडी जिथं सगळ्यात जोमात ओढते तिथं ती सगळ्यात ताकदवान नसते. टॉर्क आणि आरपीएमचा गुणाकार म्हणजे ताकद. घाटात ट्रॅक्टरच्या मागून निघायला टॉर्क लागतो, वेगाचा विक्रम करायला ताकद. मन्रोला विक्रम करायचा होता, म्हणून त्याला टॉर्कही वाढवायचा होता आणि तो टॉर्क वरच्या आरपीएमपर्यंत टिकवायचाही होता. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा फार अवघड.

त्याच्या स्काउटची मूळ अडचण हेडमध्ये होती. तेव्हाच्या बहुतेक गाड्यांसारखे तिचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, खालून वर उघडणारे होते. हवेला आत शिरायला वळसा घ्यावा लागायचा. वळसा म्हणजे अडथळा, आणि अडथळा म्हणजे आरपीएम वाढला की सिलिंडर अर्धवट भरणार. मन्रोनं व्हॉल्व्ह उचलून वर, पिस्टनच्या डोक्यावर नेले. म्हणजे हेडची रचनाच बदलली. हे कुठल्या कंपनीच्या कारखान्यात नाही केलं, घरच्या शेडमध्ये केलं. दिवसा मोटारसायकली विकायचा आणि रात्री स्वतःची उघडून बसायचा.

सुटे भाग विकत घ्यायला पैसे नव्हते. म्हणजे किती नव्हते? पिस्टन तो स्वतः ओतायचा, साचा म्हणून जुने पत्र्याचे डबे वापरून. कनेक्टिंग रॉड त्यानं ट्रॅक्टरच्या जुन्या ॲक्सलच्या पोलादातून हातानं कोरून काढले. सिलिंडर, फ्लायव्हील, ऑइल फिरवायची व्यवस्था, सगळं घरचं. मिलिमीटरचे बारीक भाग मोजायला मायक्रोमीटर लागतो, तो पण त्यानं चाकाच्या जुन्या स्पोकपासून बनवला होता. याला जुगाड म्हणायचा मोह होतो, पण मला तो शब्द इथं पटत नाही. जुगाड वेळ मारून नेतो. हा माणूस एकेका कनेक्टिंग रॉडवर कित्येक तास कानस चालवत बसायचा.

त्यातही कॅम. कॅमशाफ्ट हा शब्द सोलापूरकरांना समजावून सांगायला नको. चिंचोळी एमआयडीसीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्स हेच बनवते आणि जगभरातल्या मोटारींच्या इंजिनांत सोलापूरचा कॅम फिरतो. तुमच्या वर्गातल्या एखाद्याचे काका-मामा तिथं कामाला असतीलच. त्यांना विचारा, त्या अंड्यासारख्या उंचवट्याचा आकार केसभर चुकला तर काय होतं. व्हॉल्व्ह कधी उघडणार, किती उघडणार आणि कधी मिटणार हे सगळं तो उंचवटा ठरवतो. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवला तर वरच्या आरपीएमला इंजिन भरभरून श्वास घेतं, पण खाली, २,००० च्या आसपास, तेच इंजिन मरगळतं. म्हणून तुमचा मित्र जो वेगळा कॅम बघतोय तो बसवल्यावर गाडी हायवेला वरच्या आरपीएमवर पळेल आणि घाटात आत्तापेक्षाही जास्त रडेल, असं होऊ शकतं. इंजिनिअर आज हे गणित कॉम्प्युटरवर करतात. मन्रोकडं एकच संगणक होता, बीचवर जाऊन गाडी पळवून बघणं. गावाजवळचा ओरेटीचा लांबलचक किनारा हीच त्याची प्रयोगशाळा. कॅम घासायचा, बसवायचा, पळवायचा, परत उघडायचा. त्यानं स्वतः चार कॅमची रचना करून बसवली.

आणि इंजिन फुटायचं. एकदा-दोनदा नाही, सारखंच. त्याच्या शेडमध्ये एक फळी होती, तिच्यावर फुटलेले पिस्टन, वाकलेले रॉड, जळालेले व्हॉल्व्ह ओळीनं मांडलेले असायचे. वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य, असं त्यानं तिथं लिहून ठेवलं होतं. फोटो बघितला तर गंमत वाटते. पण जरा नीट बघा, त्या फळीवर त्याच्या कामाचा खरा हिशेब मांडलेला आहे. पिस्टन सुधारला की धक्का वाढला, धक्का वाढला की रॉड वाकला. रॉड पोलादाचा केला की भार क्रँकवर गेला. तो मजबूत केला तर ऑइल पुरेना. ऑइलची सोय केली तर इंजिनाचा जोर पुढं नेणारी व्यवस्था टिकेना, मग तिथं तीन चेन लावल्या. टॉर्क वाढवला म्हणजे इंजिनातला कच्चा दुवा नाहीसा होत नाही, तो फक्त पुढच्या भागात जाऊन बसतो. त्याचा पाठलाग करायला मन्रोला चाळीसहून जास्त वर्षं लागली, आणि गाडी ६०० सीसीवरून ९५० सीसीवर गेली.

तुमच्या मित्राच्या बिग बोअर किटमध्ये नवा सिलिंडर आणि पिस्टन येतो. क्रँक जुनाच राहतो, क्लच प्लेट जुन्याच, चेन जुनी, ब्रेक जुने. पहिले पंधरा दिवस गाडी मस्त ओढते, त्याचे रील पण येतात. मग क्लच स्लिप व्हायला लागतो. कॉम्प्रेशन वाढवलं असेल तर आपला एप्रिल-मे आहेच. पारा चाळिशीच्या वर असताना इंजिन आत घेते ती हवाच तापलेली असते, मिश्रण ठरल्या वेळेआधी पेटतं आणि आतून खडखड सुरू होते. मिस्त्री त्याला नॉकिंग म्हणतो आणि बिल लिहायला घेतो. शिवाय वॉरंटी जाते ती वेगळीच. आरसी बुकावर सीसी छापलेली असते हे पण लक्षात ठेवा. कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला आणि इन्शुरन्स कंपनीला बदल कळवलेला नसला तर क्लेमही अडकू शकतो.

घाटासाठीच जोर हवा असेल तर इंजिन न उघडताही थोडा मिळतो. मागच्या स्प्रॉकेटला ४० दात असतील आणि ४२ दातांचं बसवलं तर चाकावरचा जोर ५ टक्क्यांनी वाढतो. बदल्यात त्याच स्पीडला इंजिन ५ टक्के जास्त फिरतं, हायवेला ते जाणवतं. हे पण सर्व्हिस सेंटरला विचारूनच करा. त्याहून स्वस्त उपाय फुकट आहे. तिसरा गियर.

पुन्हा मन्रोकडं. एवढ्या वर्षांच्या रात्री कुणाच्या खात्यातून गेल्या? त्याच्यावर आलेल्या सिनेमात हा प्रश्न जवळजवळ येतच नाही, आणि मला वाटतं तो यायला हवा होता. १९२० च्या दशकात त्याचं लग्न झालं, चार मुलं झाली. मध्यंतरी ऑस्ट्रेलियात स्पीडवेच्या रेसही केल्या. मग मंदीची वर्षं आली आणि तो गावी परतून पुन्हा गाड्या विकण्याच्या कामाला लागला. दिवसा नोकरी आणि रात्री शेड, हे दुसऱ्या महायुद्धानंतरपर्यंत चाललं. लग्न टिकलं नाही. नंतर नोकरीही सोडली आणि त्यानं एका गॅरेजमध्येच बिऱ्हाड थाटलं, स्काउट आणि १९३६ ची एक व्हेलोसेट यांच्या शेजारी. वेडा पण गोड म्हातारा असं चित्र आपल्याला आवडतं. त्या चित्राच्या चौकटीबाहेर एक बायको आणि चार मुलं उभी आहेत, एवढं लक्षात असू द्या.

साठीच्या आसपास त्याला छातीत दुखायला लागलं, अंजायना. बहुतेक माणसं या टप्प्यावर गाडी विकतात. मन्रो मात्र अमेरिकेला निघाला.

युटा राज्यात बॉनव्हिल नावाचं मिठाचं मैदान आहे. कोरडं पडलेलं सरोवर, नजर पोचेल तिथपर्यंत पांढरं आणि सपाट. वेगाचे विक्रम तिथं होतात, कारण इतकी लांब सरळ धाव घ्यायला जगात फार कमी जागा आहेत. पण मैदान फसवं आहे. समुद्रसपाटीपासून उंची जवळपास १,३०० मीटर, म्हणजे हवा विरळ. समुद्रकिनाऱ्यावर जुळवलेलं इंजिन तिथं नेलं की त्याला कमी हवा मिळते आणि टॉर्क आपोआप घटतो. त्यात मिठावर टायरची पकड डांबरासारखी नसते. इंजिनानं दिलेला सगळा जोर चाक जमिनीला देऊ शकत नाही, ते जागच्या जागी फिरायला बघतं. शेडमध्ये मिळवलेला टॉर्क इथं जपून, थोडा थोडा वाटून द्यावा लागतो.

तो एकूण दहा वेळा बॉनव्हिलला गेला, पहिल्यांदा नुसतं बघायला. गाडी माशाच्या आकाराच्या लांबट कवचात बसवलेली आणि हा आत पोटावर झोपल्यासारखा. १९६२ मध्ये, ६३ व्या वर्षी, ८५० सीसीचं इंजिन घेऊन त्यानं ८८३ सीसी वर्गात ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम केला. १९६६ मध्ये इंजिन ९२० सीसीचं झालं होतं आणि १,००० सीसीच्या वर्गात विक्रम झाला ताशी २७० किलोमीटरचा. आकडे परत वाचा. इंजिन मोठं झालं आणि वेग चार वर्षांपूर्वीपेक्षा कमी! त्या वर्गात तो विक्रमच होता, पण नुसती सीसी वाढवून काम होतं असं मानणाऱ्यानं ही दोन वर्षं शेजारी शेजारी लिहून ठेवावीत.

१९६७ साली इंजिन ९५० सीसीवर आलं. पात्रतेच्या एका धावेत गाडीनं एका दिशेनं ताशी ३०५.८९ किलोमीटरचा वेग गाठला. अधिकृतपणे नोंदलेला इंडियन गाडीचा तो सगळ्यात जास्त वेग. त्याच वर्षी एका धावेत गाडी डगमगायला लागली. वेग कमी व्हावा म्हणून तो कवचातून वर उठला, तर वाऱ्यानं गॉगल ओढून नेला आणि डोळ्यांपुढं काही दिसेना. शेवटी त्यानं गाडी मिठावर आडवी घातली. विक्रमाची नोंद मात्र झाली, दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी धरून, ताशी २९५.४५३ किलोमीटर. १,००० सीसीखालच्या त्या वर्गात तो आकडा कितीतरी वर्षं तसाच राहिला.

६ जानेवारी १९७८ ला मन्रो गेला, वयाच्या ७८ व्या वर्षी. न्यूझीलंडचा दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसननं तो हयात असतानाच त्याच्यावर माहितीपट केला होता. त्याच दिग्दर्शकानं २००५ मध्ये अँथनी हॉपकिन्सला घेऊन द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन हा सिनेमा काढला. बघितला नसेल तर बघा, फक्त सिनेमा म्हणून बघा. इन्व्हरकार्गिलजवळ आता दरवर्षी त्याच्या नावानं मोटारसायकलींची स्पर्धा भरते, त्यात ओरेटीच्या किनाऱ्यावरची रेसही असते. आणि त्याचा वारसा तिथल्या कुठल्या भव्य संग्रहालयात जपलाय असं समजू नका. तो ई. हेज नावाच्या हार्डवेअरच्या दुकानात आहे. खिळे, स्क्रू आणि पाने घ्यायला आलेला माणूस शेजारी मन्रोच्या गाड्याही बघून जातो.

या गोष्टीत अजून एक आकडा आहे. २०१४ मध्ये मन्रोच्या मुलाला, जॉनला, १९६७ च्या विक्रमाची सरासरी काढताना आकडेमोडीत चूक झाल्याचं लक्षात आलं. त्यानं अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनला कळवलं. त्यांनी जुने कागद काढून तपासले आणि नोंद दुरुस्त केली. वडील जाऊन ३६ वर्षं झाल्यावर त्यांचा वेग थोडा वाढला. नवा आकडा ताशी २९६.२६ किलोमीटर.